भोपळी रंगाची सायकल

आर्जिनोव्हो गावात सायकल चालवता न येणारा माणूस एकच, आणि सायकली बनवणाराही एकच. हे दोघे म्हणजे एकटा एर्मेस, ही गोष्ट आमच्या गावाला तीस वर्षं हसायला पुरली.

सहा वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना डाव्या कानातला तोल घेऊन गेला. आमच्याकडची जमीन इतकी सपाट, की कालव्याचं पाणीसुद्धा कुठे जावं याचा विचार करत उभं असतं. इथे पाद्री सायकलवर, सुईण सायकलवर, लग्नाच्या दिवशी नवरीही सायकलवर. एर्मेस मात्र पायी. मान जराशी डावीकडे कललेली, जमिनीतून कुणी हळू आवाजात काही सांगतंय आणि हा ऐकतोय, अशी.

साखर कारखान्यात त्याने नळ जोडले. कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांच्या लोहारशाळेत गॅसवर लोखंड जोडायचं सामान मांडून बसला. पोटासाठी फाटकं आणि कठडे, स्वतःसाठी सायकली. त्या त्याला पहाटे दिसायच्या, झोप सुटता सुटता. पांढऱ्या धुक्यातून एक दांडी वळत यायची, दुसरी तिला येऊन मिळायची, आणि चाकं अजून आलेली नसतानाच ती चालू लागायची. डोळे उघडले की तो अनवाणी खाली जाऊन फरशीवर खडूने ती रेघ ओढून घ्यायचा, विरून जायच्या आत.

फरशीवर ठीक होतं. लोखंडात उतरल्यावर मात्र प्रकार गंभीर व्हायचा. एकीची दांडी होडीच्या पोटासारखी. एकीला दोन दांड्या, त्या मध्येच एकमेकींना ओलांडून जात होत्या, भांडण झाल्यासारख्या. एकीचं सीट मागून आलेल्या लांब कमानीच्या टोकाला लोंबकळत होतं.

"उस्ताद, ही ट्रकखाली आली का हो?" बारवाला नेरिओ विचारायचा.

"नाही. ट्रकवाल्याने हिला बघितलं आणि तोच खड्ड्यात गेला," एर्मेस शांतपणे कॉफी ढवळत म्हणायचा.

हसायचे सगळे, पण बसायचं कुणी नाही. त्यालाही कारण होतं. आमच्याकडे सकाळी नेरिओच्या बारच्या भिंतीला चाळीसेक सायकली टेकलेल्या असतात, सगळ्या काळ्या, सगळ्या म्हाताऱ्या. आपला नवरा आत आहे हे बायकोला ओळखता यावं आणि सासूला येऊ नये, इतपतच त्यांच्यात फरक. अशा गावात कमानदार सायकल घेणं म्हणजे आपण कुठे आहोत याची दवंडी स्वतःच पिटणं. एर्मेसच्या अकरा सायकली लोहारशाळेत छताला टांगलेल्या होत्या. वारा आला की चाकं आपसूक फिरायची. मी नगरपालिकेत कारकून. फाटकाच्या बिजागरीच्या निमित्ताने तिथे जायचो आणि खाली उभा राहून वर बघत बसायचो. बिजागरी दोनदा दुरुस्त झाली, तरी जायचो.

बारावी सायकल जमिनीवरच होती, कारण तिला टांगायचं कुठून हेच कळत नव्हतं. एकच जाड नळी. पुढून निघून जमिनीजवळ उतरलेली आणि मागे बगळ्याच्या मानेसारखी वर गेलेली. चोचीच्या जागी सीट. रंग पिकल्या भोपळ्याचा.

मार्चमधल्या एका दुपारी देझोलिनाबाई आत आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कालव्याच्या बांधाखालच्या घरात एकट्या. आयुष्यभर कारखान्यातली पोती शिवलेली, त्यामुळे बोलणंही सुईसारखं.

"एर्मेस, मला सायकल हवी."

"तुमच्याकडे आहे की."

"काळी आहे. हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात पडले. एक दिवस आणि एक रात्र पडून होते. बारच्या भिंतीला एक काळी सायकल कमी, हे कुणाला कळायला? मला अशी दे, की ती नसली तर दिसेल."

एर्मेसने बाराव्या सायकलीवरचं फडकं काढलं. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"भयंकर आहे."

"हो."

"पाय किती वर उचलावा लागतो?"

"मुळीच नाही. चपलेएवढा."

"मग हीच."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ वाजता भोपळी सायकल बारच्या भिंतीला दिसू लागली. नेरिओने पहिला आठवडा तिला फुलं वाहिली. दुसऱ्या आठवड्यात ती सगळ्यांच्या सवयीची झाली. सवय झाली नाही ती एर्मेसला. रोज आठला तो चौकातल्या मोठ्या झाडामागे उभा राहायचा आणि बाई येताना बघायचा. आपण पहाटे बघतो ते चौकातून खरंच तरंगत येतंय, यावर त्याचा विश्वास बसत नसावा.

"विचारा ना त्यांना, कशी चालते," मी म्हटलं.

"वाईट चालते म्हणाल्या तर?" तो म्हणाला. "तू बनवली असतीस तर बसून बघितली असतीस. मला तर दुसऱ्याच्या शब्दावरच जगायचंय. एकदा नको म्हणाल्या, की वरच्या अकराही खाली आल्याच."

मार्चचा नोव्हेंबर झाला, तरी त्याने विचारलं नाही.

नोव्हेंबरात धुकं आलं. आमचं धुकं आलं की चौक नाहीसा होतो आणि माणसं खोकल्यावरून ओळखावी लागतात. त्या सकाळी सव्वाआठला नेरिओ दारात आला, भिंतीला हात लावत शेवटपर्यंत चालत गेला आणि ओरडला, "भोपळा आलेला नाही!"

साडेआठला आम्ही सहा जण सायकलींवर निघालो होतो. एर्मेस पायी, आमच्या घंट्यांच्या मागे. कालव्याच्या कडेने जाताना खाली पाणी आहे की आभाळ, ते समजत नव्हतं. नेरिओ मधूनमधून कालव्यात डोकावत होता आणि डोकावलो नाही असं दाखवत होता.

बाई दारात उभ्या होत्या, हात पिठाने पांढरे.

"पंक्चर झालंय," त्या म्हणाल्या. "पुढचं. एवढी वरात कशाला? कोण गेलं?"

"कोणी नाही," नेरिओ म्हणाला आणि बसायला जागा शोधू लागला.

त्यांनी घड्याळ बघितलं. "आठपासून पंचेचाळीस मिनिटं," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि वळून करंज्या उकडायला पाणी ठेवलं. भोपळ्याचं सारण तयार होतंच. एवढ्या माणसांना पुरेल इतकं का तयार होतं, ते कुणी विचारलं नाही.

एर्मेस पोहोचला तेव्हा आमच्या सहा काळ्या सायकली भिंतीला टेकलेल्या होत्या आणि मधोमध त्याची भोपळी, धुक्यात दिव्यासारखी. तो तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्याने चाक काढलं, ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडा शोधला. बाई खिडकीतून बघत होत्या.

"कशी चालते?" त्याने बादलीलाच विचारलं.

आत चमचे थांबले.

"मी लहान असताना," बाई म्हणाल्या, "बाबा मला सकाळी होडीतून न्यायचे. वल्हं उचललं की होडी स्वतःची स्वतः थोडी पुढे जाते ना? तशी." त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "आणि डावीकडे ओढते."

एर्मेस उठला, दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटून सायकलीकडे बघू लागला. मान नेहमीसारखीच कललेली. त्याला ती सरळच दिसत असणार. मग हळूहळू त्याचा हात स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला.

"उद्या घेऊन जातो," तो म्हणाला. "सरळ करून आणतो."

"हात लावशील तर बघ. बारकडे जाताना कालवा उजवीकडे असतो."

"आणि येताना?"

"येताना मी शेतातून येते. मला अक्कल आहे. आत ये, गार होतंय."

जेवून निघालो तेव्हा धुकं तसंच होतं. बाकीचे पुढे गेले. मी सायकल हातात धरून एर्मेसबरोबर चालत राहिलो. कालव्याच्या वळणावर त्याने दोन्ही हात पुढे धरले, हँडल धरावं तसे, आणि काही पावलं तसाच चालला, किंचित डावीकडे.

मी त्याला वाट देत उजव्या, कालव्याच्या बाजूला झालो.