उजवी तर निळी, डावी तर पांढरी

आमच्या वाडीत गाडी घ्यायची म्हणजे पिकअप घेतात, आंब्याच्या पेट्या घालायला. माझ्या नवऱ्याने मात्र दोन अशा गाड्या मनात धरल्या होत्या, की ज्यांचं पोट आमच्या पाणंदीतल्या प्रत्येक दगडाला घासलं असतं. एक निळी, एक पांढरी. दोन वेगळ्या परदेशी कंपन्यांच्या, लांबलचक, आतून हॉटेलसारख्या आणि वेग घेतला की पोटात गोळा आणणाऱ्या. त्यातली एक घ्यायची होती. कोणती, एवढाच प्रश्न आहे असं सोमवारपर्यंत मला वाटत होतं.

हे तीस वर्षं बोटीवर होते, शेवटी चीफ इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी बोट सोडून घरी आले, आणि तेव्हापासून गाडीचा ध्यास. निळीच्या आठ सिलिंडरांचं गुरगुरणं मोबाइलवर डोळे मिटून ऐकायचे. पांढरीला इंजिनाच्या जोडीला बॅटरी, म्हणजे आवाज कमी आणि उसळी जास्त. सकाळी निळी पक्की व्हायची, जेवणाच्या वेळेपर्यंत पांढरी.

"सवत आणतास ती आणतास, वर दोन दोन बघतास?" मी म्हणायचे. हे खूश व्हायचे.

सोमवारी गोव्याच्या शोरूमचा माणूस निळी घेऊन दारात आला. हे स्टिअरिंगवर बसले, तो शेजारी, मी मागे. आचऱ्याहून मालवणच्या रस्त्याला लागलो. एका वळणाआधी रस्त्याच्या डाव्या कडेने एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन चालला होता. मला तो लांबूनच दिसला. यांनाही दिसला असणार असं धरून मी निवांत होते. गाडी सरळ त्याच्या अंगावर निघाली. शोरूमचा माणूस "सर!" म्हणून ओरडला आणि त्याच क्षणी गाडीने आपणहून ब्रेक मारला. मी पुढच्या सीटवर आपटले. सायकलवाला भाऱ्यासकट गवतात पडला, उठला, आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला.

यांनी डावीकडे पाहिलं. मग मान आणखी वळवली. तेव्हा कुठे यांना तो दिसला.

"बघलंस?" मागे वळून हे हसत म्हणाले. "गाडयेक अक्कल आसा! आपणच थांबली."

घरी येईपर्यंत मला एकेक गोष्ट आठवत गेली. ताटाच्या डाव्या अंगाला ठेवलेली चटणी हल्ली तशीच राहायची, आणि मी म्हणायचे, आता म्हातारपणी आवडीनिवडी बदलल्या. दाराच्या चौकटीला डावा खांदा महिन्यातून दोनदा आपटायचा. डोळे चुरचुरतात म्हणून हे रोज थेंब घालायचे, ते तर मीच कितीदा आणून हातात दिले होते. बाटलीवरचं नाव वाचायचं मात्र मला कधी सुचलं नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा चाळीस मुलांच्या वर्गात कोण कॉपी करतंय ते मला पाठमोरीलाही कळायचं, आणि घरात ही तऱ्हा.

गुरुवारी पांढरी आली. निघण्याआधी यांनी शोरूमच्या माणसाला सांगितलं, "ती आपोआप ब्रेक लागायची भानगड बंद करा. मला गाडी बघायचीय, तिची अक्कल नाही." तो जरा घुटमळला, पण एवढं मोठं गिऱ्हाईक. त्याने बंद केली.

मग मी तोंड सुरू केलं.

"डावीकडे बघा, केवढा मोठा घर बांधल्यानी. आणि डाव्या अंगाक कोंबडी आसत हां. ती म्हातारी बघा, डावीकडची, माझ्या माहेरची तर नाय?" मी थांबतच नव्हते. श्वास घ्यायला थांबले तर तेवढ्यात कोणी आडवं येईल अशी भीती. बाई फार बडबड्या आहेत असं शोरूमच्या माणसाला वाटलं असेल. वाटेतला पूल संपला आणि सरळ रस्ता दिसला तसा यांनी पाय दाबला. आवाज न करता ती गाडी अशी उसळली, की माझी नखं सीटच्या चामड्यात रुतली. पुढे डावीकडच्या घाटीतून दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन उतरत होत्या.

"डावीकडे बायलो! डावीकडे!" मी किंचाळले.

यांनी ब्रेक दाबला. बायका कधीच्या कडेला सरकल्या होत्या. "तुझा तोंड जरा बंद रवात काय गो?" हे तडकले.

"रवूचा नाय," मी म्हटलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी घाबरले. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुम्हाला दिसत नाही? आणि मी बोलले की ते खरं झालं, ही भीती वेगळीच. पण गप्प राहिले तर एक दिवस त्या गवताखालून कोणाला तरी उचलून आणावं लागणार होतं.

शुक्रवारी हे कागद घेऊन बसले. एका बाजूला निळीचे गुण, दुसऱ्या बाजूला पांढरीचे. दोन्ही रकाने सारखे भरले. मी म्हटलं, "देवाक कौल लावया." आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जमवायची, गुरव देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि जी आधी पडेल ते देवाचं उत्तर.

"देवाक गाडयेतला काय कळता?" हे हसले. पण कागदाला कंटाळले होते. "बरा. उजवी पडली तर निळी, डावी पडली तर पांढरी."

दुपारी मी एकटीच गुरवाकडे गेले. म्हटलं, आधी गाडी घ्यायची की नाही तेच देवाला विचारा. देव नाही म्हणेल, आणि मी सुटेन, असा माझा हिशोब.

"इचारीन, वयनी," गुरव म्हणाला. "पण तुमी तेंका इचारल्यात काय?"

मला त्याचा इतका राग आला की निरोपही न घेता निघाले.

शनिवारी सकाळी देवळात आम्ही दोघं, गुरव आणि गावातली तिघं-चौघं होती. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. माझा प्रश्न त्याने काढलाच नाही. निळी की पांढरी, एवढंच विचारलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. गाभाऱ्यात समईचा उजेड तेवढा. हे हात जोडून पाषाणाकडे टक लावून उभे.

डावी पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली पडली.

कोणीतरी हुंकार दिला. गुरवाने हात जोडले. हे मात्र तसेच उभे, नजर उजव्या पाकळीवर.

"पडूक नाय अजून?" यांनी हळूच विचारलं.

गुरवाने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"पडली वो," मी म्हटलं. "डावी. तुमका दिसूक नाय."

यांनी मान वळवली. रिकाम्या जागेकडे बघत राहिले. जोडलेले हात खाली आले नाहीत.

"कदीपासून म्हायत तुका?"

"सोमवारपासून. त्या सायकलवाल्यापासून."

"माका दोन वर्सां झाली," हे म्हणाले. "डावो डोळो गेलो. उजवो कडेकडेन जाता. बोटीच्या डॉक्टरान नापास केल्यान माका."

दोन वर्षं मी बाजारात, लग्नाकार्यात, भेटेल त्याला सांगत आले होते, की यांनी माझ्यासाठी बोट सोडली. हे शेजारी उभे असायचे आणि हो म्हणून मान हलवायचे.