व्हिसा आणि मागची तारीख

"साहेब, अर्ज मागच्या तारखेत आवक करून घ्या की!"

मंडळी, आज नांदेडच्या माझ्या व्हिसा सल्ल्याच्या ऑफिसात हिमायतनगरचे एक रिटायर्ड हेडक्लार्क हे बिनधास्त म्हणाले. शेजारी त्यांची लेक, लॅब टेक्निशियन. परदेशातली कंपनी तिला स्पॉन्सर करणार होती, पण नव्या नियमात तिचं पदच व्हिसा मिळणाऱ्या कामांच्या यादीतून उडालं.

डोकंच फिरलं माझं. "काका, हे काय तुमचं तहसील हाय का?"

"काय होत न्हाई हो. शाळेत घालताना हिची जन्मतारीखबी मीच एक जून केली."

लेक ताडकन उठली. "पासपोर्टवर एक जूनच हाय. जन्माच्या दाखल्यावर काय हाय, बाबा?"

"तिथं खरी हाय, सप्टेंबरची," काका चष्मा पुसत म्हणाले.

आता दुसरी नोकरी मिळाली तरी तिची कागदपत्रं जुळणार नाहीत. एक जूनवाल्यांनो, तुमच्या घरच्या हेडक्लार्कला खरी तारीख विचारली का?