गरम चहा, बसून

क्रूझवर आम्ही होतो मोजून तीन दिवस. पण किस्से सांगायला बसलो की स्टाफरूमची मधली सुट्टी पुरत नाही. लहान पोरं घेऊन कुठंही गेलं की असंच होतं. फोटो बरे चार येतात, किस्से चाळीस, आणि विश्रांती शून्य!

आम्ही म्हणजे बुलढाण्यातल्या एकाच ज्युनिअर कॉलेजातले दोन मास्तर. भूगोलाचे टेकाळे सर आणि गणिताचा मी, हिवाळे. टेकाळ्यांबरोबर वहिनी आणि सात वर्षांचा वेदांत. माझ्याबरोबर बायको वर्षा, पाच वर्षांची ओवी आणि अडीच वर्षांची परी. वर्षा अमडापूरला शिक्षिका आहे, रोजचं एसटीनं अप-डाऊन. टेकाळ्यांनी मुंबई-गोवा-मुंबई क्रूझची टूम काढली तेव्हा तिनं एकच अट घातली.

"मले तिथं बाकी काही नको. समुद्राकडं पाहत एक कप चहा पायजे. गरम. आन् बसून!"

ओवी झाल्यापासून तिनं असा चहा घेतलेला नाही. एक तर गार, नाहीतर उभ्यानं. मी म्हटलं, "एवढंच ना? घेतलाच समज!"

माणसानं तोंड सांभाळून बोलावं, हे मला अजून जमलेलं नाही.

*

बंदरावर बॅगा तपासताना टेकाळे वहिनींचा डबा निघाला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. जहाजावर खाण्याचं काही नेता येत नाही म्हणे! वहिनी म्हणाल्या, "पहाटं तीनले उठून केल्या मी. फेकू देणार नाही."

मग काय, तिथंच फरशीवर पंगत बसली. पोरांना भरवलं, आम्ही संपवलं, मागच्या रांगेतल्या एका आजोबांनाही दोन दशम्या गेल्या.

वर जाऊन पाहतो तर बुफे! ही लांबलचक टेबलं, आणि आमच्यापैकी एकाच्याही पोटात घासाला जागा नाही.

*

टेकाळे सर वीस वर्षं भरती-ओहोटी शिकवतात. समुद्र मात्र पहिल्यांदाच पाहत होते. जहाज सुटलं तेव्हा कठड्याशी उभं राहून त्यांनी वेदांतला खारे वारे, मतलई वारे सगळं समजावलं. अर्ध्या तासात ते खोलीत आडवे!

मी भेटायला गेलो तर डोळे मिटूनच म्हणाले, "हिवाळे, येवढे वर्षं पोरायले फळ्यावर शिकवलं. आता पोटात प्रॅक्टिकल होऊन राह्यलं बे!"

वहिनी त्यांच्या उशाशी, म्हणून वेदांतही बहुतेक वेळ आमच्याकडेच होता. म्हणजे आता पोरं तीन.

*

पहिल्या संध्याकाळी वर्षाचा चहा डेकवर आला. खुर्ची मिळाली, समुद्र समोरच होता. तिनं कप उचलला आणि भोंगा वाजला! सगळ्या प्रवाशांनी खाली जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकायचं. सक्तीचं होतं.

शिकलो. परत आलो तर कप कुणीतरी उचलून नेलेला. शिवाय परीनं जॅकेट काढू द्यायला नकार दिला. ती त्यातच जेवली, त्यातच झोपली. तिला कुशीत घेऊन झोपणं म्हणजे काय, ते माझ्या बरगड्यांना विचारा.

*

दुसऱ्या दिवशी कळलं, पोरं सांभाळायला जहाजावर वेगळी खोलीच आहे. वर्षाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी असा उजेड पाहिला! पण अट होती, तीन वर्षं पूर्ण हवीत. मी तिथल्या ताईंना खूप विनवलं. गणिताचा मास्तर असून मला अडीचाचे तीन काही करता आले नाहीत.

वेदांत आणि ओवी तेवढे आत गेले. सातव्या मिनिटाला ओवी रडत बाहेर. "परी नाही तं मी बी नाही!"

घरी या दोघी एका खडूसाठी एकमेकींचे केस उपटतात.

*

आता पाण्याचं. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्याची वेळ नक्की नसते. "नळ आले हो!" अशी हाक आली की हातातलं टाकून धावायचं. मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलोय. वर्षा तर सख्ख्या बहिणीच्या हळदीतून उठून आली होती.

तर जहाजावर खोली साफ करायला आलेला माणूस दारातच थबकला. सहा बाटल्या, चार ग्लास, किटली, बर्फाचं भांडं, परीची नवी पॉटीसुद्धा, सगळं काठोकाठ भरलेलं!

"मॅडम, पानी बंद हो गया था क्या?"

"नहीं भैया," वर्षा म्हणाली, "चालू था. इसलिए तो भर लिया!"

*

शेवटची संध्याकाळ. ओवी आणि वेदांत वहिनींपाशी, परी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली. सूर्य पाण्याला टेकत आलेला. चहा आला, वाफा निघत होत्या. वर्षा बसली. मी तिच्या शेजारी उभा, श्वासही जपून घेत होतो.

तिनं कप ओठांशी नेला आणि परीनं झोपेत पाय झाडला. कप, बशी, चहा, सगळं वर्षाच्या ओढणीवर!

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती ओढणी पिळली. म्हणाली, "राहू द्या. घरी गेल्यावर पाहू."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब आणून बाईला एक कप चहा पाजता आला नाही.

*

मुंबईहून बसनं सकाळी बुलढाण्यात उतरलो. अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. बॅगा तशाच टाकल्या, पोरींना टीव्ही लावून दिला आणि मी स्वतः चहा केला. आलं घालून. गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची नेली, वर्षाला बसवलं, कप हातात दिला. समोर शेजाऱ्यांची टाकी आणि वाळत घातलेल्या गोधड्या. तिनं फुंकर मारली.

गल्लीतून हाक आली, "नळ आले होऽऽ!"

मी धावलो. मोटर लावली, ओवीनं पाइप ओढला, परी प्लास्टिकचा मग घेऊन आली. ड्रम एकट्याला सरकेना. धार निम्मी अंगणात.

"वर्षा! ये ना लवकर!"

ओवी भिजलेल्या पायांनी जिन्यापर्यंत गेली आणि वर तोंड करून ओरडली, "आई वं, नळ आला! काऊन येऊन नाही राह्यली?"

वरून अगदी शांत आवाज आला.

"बाबाले सांग, आई जहाजावर आहे."