चिंध्या कुजेनात

मास्तरांनी बेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि त्यातली निदान चाळीस वर्षं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. आता दुकान लेक चालवते. मास्तर घरी असतात, म्हणजे गच्चीवर असतात, कारण घरात दिसले की बायको त्यांना काम सांगते आणि ते झालं की कसं चुकलं तेही सांगते.

गच्चीवर भोकं पाडलेलं एक पिंप आहे. त्यात मास्तर कुंड्यांसाठी खत करतात. पिंपालाही त्यांनी दुकानाची शिस्त लावली. तळाशी काटक्या, त्यावर स्वयंपाकघरातली सालं, त्यावर सुका थर, मग पुन्हा सालं. आठवड्यातून एकदा सगळं वरखाली करायचं आणि मूठभर हातात घेऊन दाबून बघायचं. पिळून वाळत टाकलेल्या कपड्याइतकी ओल हवी, पाणी गळलं तर सुकं वाढवायचं. सालं एका मापाची चिरलेली हवीत असाही हट्ट होता. कुजायचीच आहेत तर इस्त्री करून देऊ का, असं बायकोने एकदा विचारलं. मास्तरांनी ते कानाआड केलं.

सुका थर म्हणून लोक पालापाचोळा घालतात. मास्तर कातरण घालत. सुती कापड झाडापासून येतं, ते मातीत जाणारच. मिश्र कापडात प्लास्टिकचा धागा, तो सात जन्म जाणार नाही, हे त्यांनी अख्ख्या इमारतीला ऐकवून झालं होतं. त्यासाठी दुकानात दोन पिशव्या टांगल्या होत्या, एक सुतीची आणि एक मिश्रची. कुठलं कापड कुठल्या पिशवीत, हे मास्तर ठरवत. रोज दुपारी चारला ते दुकानात जात. लेक नवा तागा पुढे करी, मास्तर कापडाची कड दोन बोटांत चोळत आणि निकाल देत. त्यावर अपील नसे. खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून अडणारं दिवसभरातलं तेवढं एकच काम उरलं होतं, आणि चार कधी वाजतात याची वाट ते जेवण झाल्यापासून बघत. हल्ली बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरलासुद्धा नाही.

चार महिने झाले तसं एका रविवारी सकाळी त्यांनी पिंप उपडं केलं. खत काळंभोर आणि भुसभुशीत झालं होतं. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी बायकोला मुद्दाम वर बोलावलं आणि चाळण हलवायला घेतली.

पहिल्याच खेपेला चाळणीत एक फिकट निळी पट्टी राहिली. जशीच्या तशी. नागमोडी कात्रीने कडेला पाडलेले दातसुद्धा शाबूत होते. मग राखाडी रेघांची निघाली, मग पांढरी, मग निळ्याच आणखी दहा-बारा.

पिंपात ऊब कमी पडली असेल, असं मास्तर म्हणाले.

"भोपळ्याचं देठ विरघळलं," बायको म्हणाली, "आणि या चिंध्याच तेवढ्या ऊब मागत बसल्या?"

मग मास्तर कापडाच्या व्यापाऱ्यावर घसरले. लबाड आहे, उद्या त्याच्या दारात जाऊन उभा राहतो, वगैरे. बोलता बोलता त्यांनी पट्ट्या नळाखाली धुतल्या आणि कठड्यावर मांडल्या, आणि मांडता मांडता त्यांचा आवाज खाली आला. व्यापारी काहीही म्हणो, यातला प्रत्येक तुकडा त्यांच्या स्वतःच्या बोटांनी सुती ठरवला होता. बायको खाली गेली आणि तिने लेकीला वर पाठवलं.

लेकीने कठड्याकडे पाहिलं आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"हे आपण लोकांना सुती म्हणून दिलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, बाबा. पावतीवर मिश्रच लिहिलंय."

तिला कसं कळलं, असं विचारल्यावर मात्र तिला सांगणं भाग पडलं. मास्तर घरी गेले की ती ताग्याचा एक धागा ओढून जाळून बघायची. दोन वर्षं. चुकीच्या पिशवीत गेलेली कातरण ती संध्याकाळी वेचून काढायची. यंदा शाळेच्या गणवेशांच्या गर्दीत तेवढं राहून गेलं.

मास्तरांना ते फार लागलं. चूक झाली याहून ती दोन वर्षं झाकली गेली, हे जास्त लागलं.

"मग रोज बोलावत कशाला होतीस? शोभेला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचं बंद केलं असतंत," लेक म्हणाली. "आणि तुम्ही येत नसाल तर मला ते दुकान नको वाटतं."

दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि मास्तर खुर्चीतून हलले नाहीत. साडेचारला उठले, चपला घातल्या आणि दोरा आणायला जातो म्हणाले. घरात दोऱ्याची सात रिळं होती. बायकोने त्यांचा डबा हळूच कपाटात सरकवला.

दुकानात लेकीने तागा पुढे केला नाही आणि मास्तरांनी खिशातून हात काढले नाहीत.

"जाळ," ते म्हणाले. "माझ्यासमोर जाळ."

तिने नव्या ताग्याचा धागा ओढला आणि काडी लावली. धुराची एक रेघ वर आली. मास्तरांनी मान पुढे काढून वास घेतला, थोडं थांबले, पुन्हा घेतला.

"गोडसर आहे. सुती असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता. मिश्र."

लेकीने विझलेलं टोक चिमटीत चुरडून पाहिलं. राख झाली नाही. प्लास्टिक वितळून झालेला एक कडक मणी हाताला लागला.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला ते पुन्हा तपासून बघावं लागणार नव्हतं.