शाबुओथला पनवेल: दहाव्या माणसाला बोलवायला

पनवेलचे मोझेसकाका सणानंतर इस्रायलला कायमचे जाणार, हे बाबांना कळलं आणि त्यांनी लगेच दोन दिवसांची रजा टाकली. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती वाशीलाच राहिली. सोबत मी निघाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, नोकरी अजून नाही, त्यामुळे माझी रजा कोणाला मागायची नव्हती.

सण शाबुओथचा. सिनाय डोंगरावर देवाने मोशेच्या हाती आम्हाला तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, दिली तो दिवस. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, पण सणाला पनवेलच. माझ्या लहानपणी तिथल्या मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात) उभं राहायला जागा नसायची. वरच्या सज्ज्यात बायकांच्या साड्या एकमेकींत अडकायच्या आणि आम्ही पोरी कठड्यातून खाली वाकून बघताना चिमटे खायचो. मग एकेक घर इस्रायलला गेलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: दुपारची बस धरा, संध्याकाळी गर्दी असते. तिकीट दोन-अडीच रुपये. डाव्या हाताला बसलात तर खारघरचे डोंगर दिसतात. बेलापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका पानाच्या द्रोणात जांभळं विकतात, ती घ्याच. सण मे-जूनमध्ये येतो, म्हणून पाण्याची बाटली हवी.

खिडकीबाहेर भाताची खाचरं बुजवून मातीचे ढीग टाकलेले होते. नव्या शहराची जमीन. मी बाबांना विचारलं, तोरा एखाद्या चांगल्या गावात न देता रानात का दिली? बाबांनी जांभळाची बी खिडकीबाहेर टाकली.

"गावात दिली असती तर गाववाले म्हणाले असते, आमची. रान कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हतं. ज्याला पाहिजे त्याने यावं, घ्यावी."

पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, "साहेब, हल्ली रानाचाही सातबारा निघतो." सगळे हसले. बाबाही.

दिवस मावळायच्या आत मोझेसकाकांच्या घरी पोचलो. घर अर्धं रिकामं, भांडी पोत्यात बांधलेली. रिबेकाकाकूंनी तरीही तांदळाची खीर केली होती. या सणाला आम्ही दुधाचं खातो. तोरा मिळाली तेव्हा कोणतं मांस चालतं, भांडी कशी ठेवायची हे सगळं नवंच कळलेलं, म्हणून त्या दिवशी लोकांनी दुधावर भागवलं, असं सांगतात. काकू म्हणाल्या, "माझीही तीच गत. मटणाचं पातेलं पोत्यात गेलं."

सकाळी मशीद उघडली. तोराची गुंडाळी पवित्र कपाटातून काढून वाचायची तर दहा पुरुष लागतात, त्याला इलाज नाही. मोझेसकाका हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत असा आमचा रिवाज आहे. म्हणून दहा शब्दांचं एक वचन पुटपुटत ते एकेकाकडे पाहतात, एका माणसाला एक शब्द. त्या दिवशी वचनातला शेवटचा शब्द उरला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा उरला.

मी सज्ज्यातून खाली येऊन म्हणाले, मला हिब्रू वाचता येतं, मला धरा. मोझेसकाका रागावले नाहीत. म्हणाले, तुझं वाचन चांगलं आहे, पण या मोजणीत ते बसत नाही. माझा चेहरा पाहून बाबांनी मला बाजूला घेतलं. गावात अजून एक जण होते, सॅमसनकाका. ते बरीच वर्षं मशिदीत आले नव्हते. त्यांनी पारगावकडच्या आगरी शेवंताकाकींशी लग्न केलं आणि पहिल्याच सणाला सज्ज्यात कोणीतरी त्यांना म्हणालं, ही जागा आमची आहे. ते कोणीतरी म्हणजे रिबेकाकाकू. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे बोलवायला जायला कोणी तयार नव्हतं. मी गेले.

सणाला आम्ही वाहनात बसत नाही. बाजार ओलांडून चालत गेले. मोझेसकाकांच्या हातून तोरा उघडायचा हा शेवटचा सण आहे, एवढंच मी दारात सांगितलं. सॅमसनकाका दाढी करत होते. आरशातच पाहून म्हणाले, "दहावा हवा म्हणून मी आठवलो. माझी बायको अकरावी म्हणून तरी आठवली का?"

आतून शेवंताकाकी ओला हात पदराला पुसत आल्या.

"जा तुमी. माज्यासाटी देवाचा काम कशाला आडवताव? मी आवारात बसन. तिथला झाड कोनाचा नाय."

त्या खरंच आमच्याबरोबर आल्या आणि आवारातल्या झाडाखाली बसल्या. सॅमसनकाका आत शिरले, दारावरच्या मेझुझाला, त्या वचनांच्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली. मोझेसकाकांच्या वचनाचा शेवटचा शब्द जागेवर पडला. मी पुन्हा सज्ज्यात गेले. कपाट उघडायला सगळे उभे राहिले.

मोझेसकाका उघडेनात. कपाटाच्या पडद्याला हात लावून तसेच थांबले. मग वर सज्ज्याकडे पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रिबेका, उद्या आपण रूथची गोष्ट वाचणार. परक्या घरची सून. सासूचा हात सोडला नाही, म्हणाली, तुझे लोक ते माझे लोक. तिच्या वंशात दावीद राजा झाला. ती गोष्ट मी कोणत्या तोंडाने वाचू?"

काकूंचा चेहरा लाल झाला होता. चारचौघांत नवऱ्याने असं बोलायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण त्या उठल्या. कठड्याला धरत जिना उतरून आवारात गेल्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. शेवंताकाकींचं उत्तर मात्र खिडकीतून स्वच्छ आलं.

"आता बोलवताव? इमानात बसाच्या टायमाला?"

"मग काय, विमानातून बोलवू? चल वर."

दोघी वर आल्या. शेवंताकाकी माझ्या शेजारी बसल्या, पण टेकून नाही, उठायची तयारी ठेवल्यासारख्या. खाली गुंडाळी निघाली, आणि दहा आज्ञांचं वाचन आलं तसे सगळे उभे राहिलो. मी एकेक आज्ञा मराठीत त्यांच्या कानात सांगत होते. वाचन संपल्यावर मी म्हणाले, आपले जुने लोक सांगतात की सिनाय डोंगराखाली फक्त तेव्हाचे लोक नव्हते, पुढच्या साऱ्या पिढ्यांचे आत्मेही उभे होते.

त्यांनी विचार केला. "तुमच्यातले. मी कशाला आसन तिथं?"

उत्तर काकूंनी दिलं, त्यांच्याकडे न पाहता. "जे बाहेरून येणार होते, तेही होते म्हणतात. सरक जरा, पाय दुखतात माझे."

शेवंताकाकी सरकल्या, आणि मग टेकून बसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, रूथची गोष्टही झाली. सण उतरल्यावर आम्ही निघालो, तेव्हा बाबांनी मोझेसकाकांना विचारलं की तुम्ही गेल्यावर पुन्हा नऊच राहणार, तोरा उघडणार कोण? काका पोत्याचं तोंड शिवत होते.

"या सणाचं नाव तोरा दिल्याचा सण. घेतल्याचा असं कोणी म्हणत नाही. का? देणं एकदाच झालं. घेणं रोजचं आहे. त्याला दहा लागत नाहीत."

बसमध्ये बाबा झोपले. मी नाही.

मोझेसकाका आणि काकू इस्रायलला गेले. पनवेलला त्यानंतर दहा जमले नाहीत, कपाट बंद आहे. काकांचं वाक्य सुंदर आहे, पण त्याने ते कपाट उघडत नाही, हे मला कळतं. सज्ज्यातली ती गर्दी माझ्या आयुष्यात परत येणार नाही, हेही.

तरी तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. सॅमसनकाका चावी देतात, शेवंताकाकी चहाशिवाय सोडत नाहीत. तोराबद्दल त्या तुम्हालाच प्रश्न विचारतील.

मी वाशीला परतले तेव्हा आईने विचारलं, वाचलं काय ते सांग. तिला अक्षर येत नाही, आणि आजवर हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं. मी नोकऱ्या शोधत होते, शहर सुधारायचे बेत करत होते, पण हे कधी मनात आलं नव्हतं. आता दर शनिवारी दुपारी मी तिला तोरातला त्या आठवड्याचा उतारा मराठीत वाचून दाखवते. घाई केली की ती माझ्या मनगटावर हात ठेवते.

"हळू. मी अजून डोंगराखालीच आहे."