शेवटचं पाणी

ती घटना मी कधीच विसरलो नाही. तिचे कागद मीच लिहिले आणि मीच अपुरे ठेवले. ज्याच्यासाठी गप्प राहिलो तो आता हयात नाही, म्हणून राहिलेले लिहून टाकतो.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. मी कर्जतला फौजदार होतो. एके दिवशी भर दुपारी बाजारपेठेतल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ ठाण्यात आला. व्यापारी आठ महिने अर्धांगवायूने अंथरुणावर होता आणि तासाभरापूर्वी वारला होता. त्याच्या शुश्रूषेला मुलाने मुंबईहून शिकलेली नर्सबाई आणली होती. भावाचा संशय तिच्यावर होता.

"दादा हातानं पाणी मागायचा, ती नुसती मान हलवायची. तांब्या तोंडाला लावून दिला नाय एकदा. तहानेनं मारला तिनं. तिरडी उचलायच्या आत चला साहेब."

पाणी तोडलेला माणूस आठ महिने जगत नाही, एवढे मला तिथेच सुचायला हवे होते. सुचले नाही. डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

पंचनाम्यासाठी हवालदाराने प्रेत कुशीवर केले आणि तो थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "माझी आई तीन आठवडे पडून होती साहेब, तर पाठ सोलवटली होती. ह्यांच्या पाठीवर ओरखडा नाय. दिवसातून धा वेळा कूस बदलल्याबिगर असं व्हत नाय."

खोलीत आणखी दोन गोष्टी दिसल्या. उशी भिजलेली होती, आणि उशाशी काशीहून आणलेला गंगाजळाचा गडू होता, त्याच्या तोंडावरची लाख नुकती फोडलेली. मुलगा तेविशीचा. बापाचे डोळे फिरले म्हणून तोंडात गंगा घातली, असे त्याने जबाबात सांगितले. शेवटचे पाणी मुलाच्या हातून गेले, एवढेच समाधान त्याच्याजवळ उरले होते.

तक्रार करणारा भाऊ ऐकेना, दाराशी गर्दी जमलेली. मी बाईंना ठाण्यात आणले आणि बाहेरच्या बाकावर बसवले. सारी पेठ पाहून गेली. माणूस चारचौघांत तासभर बसला की लवकर बोलतो, असा माझा अनुभव. बाई लुगड्याचा पदर नीट करून ताठ बसून राहिल्या.

पाणी का तोडले, असे मी आत बोलावून विचारले.

"तोडलं नाही. दाट पेजेतून देत होते. तक्क्याला टेकवून, हनुवटी खाली करून, चमच्याचमच्यानं. अर्धा घसा लुळा होता त्यांचा. नुसतं पाणी श्वासात गेलं असतं."

दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावले. बाईंचे बरोबर आहे, असे त्यांनी सांगितले.

"मग आज काय झालं?"

"पाव तास विहिरीवर चादरी धूत होते. डोळे ते आठवड्यातून दोनदा तरी फिरवायचे, मरणाचं लक्षण नव्हतं ते. गडू तुम्ही पाहिलात ना, साहेब?"

पाहिला होता. ओली उशीही. उताण्या निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतले गेले होते.

"घरात कुणाला सांगितलं नव्हतंत?"

"रोज सांगत होते. पण शेवटचं पाणी कुणी अडवतं का? मुलाला कळू देऊ नका. प्रेमानं पाजलंय त्यानं. कळलं तर तो उभा राहायचा नाही."

मी ऐकले. 'जुन्या आजाराने मृत्यू, संशयास पुरावा नाही' असे लिहून दिवेलागणीआधी बाईंना सोडले.

'पुरावा नाही' याचा अर्थ पेठेने आपल्या मनाने लावला. खालापूरच्या एका घरी अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती. त्या घरच्यांनी बाईंना कामाचा शब्द दिला होता, तो फिरवला. महिन्याभरात बाई पत्र्याची ट्रंक घेऊन कर्जत स्टेशनवर उभ्या होत्या. मी तिथे बंदोबस्ताला होतो. त्यांनी नमस्कार केला. मी दुसरीकडे पाहिले.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तो मुलगा माझ्या घरी आला. केस पांढरे झाले होते. चहाला हात लावला नाही.

"बाबा खोकले साहेब. बाईंच्या हातून आठ महिन्यांत एकदाही खोकले नव्हते. मला तितंच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी विचाराल म्हणून वाट बघितली. तुमी विचारलंच नाय."

मुलाला वाचवायचे म्हणून बाई गप्प राहिल्या. मी गप्प राहिलो ते वजनदार घराशी वैर नको म्हणून, आणि त्यालाच दया म्हणत आलो. मुलगा त्या सलातून वाचला नाहीच, बाईंचे नाव मात्र गेले. पोलिसाने संशय घेतला तर तो फेडावाही लागतो, नुसता सोडून चालत नाही, हे या प्रकरणाने मला शिकवले.

बाई पुढे कुठे गेल्या, मला माहीत नाही. डायरीत तेव्हा लिहायचे राहिलेले वाक्य इथे लिहितो : या बाईंनी त्या माणसाला आठ महिने जिवंत ठेवले होते.