खोट सांगणारीला जास्त भाव

परदेशात, आमच्या फ्लॅट बुश भागातल्या घरात मी लोकांची मुलं सांभाळायचे, तेव्हाची गोष्ट. हे काम एका संस्थेच्या हाताखाली चालायचं. संस्था मुलं पाठवायची, अधूनमधून तिची बाई भेट द्यायची, आणि वर्षातून एकदा घराची रीतसर तपासणी करून दर्जा ठरवायची. उत्तम, चांगले, सुधारणा हवी. शेवटचा शेरा बसला की दोन वर्षांखालचं मूल ठेवायला बंदी.

माझ्याकडे तेव्हा तीन मोठी मुलं आणि एक बाळ होतं. बाळाची आई इथल्या इस्पितळात नर्स, नागपूरकडची. बाळंतपणाची रजा संपली तशी ती लेकीला माझ्या मांडीवर ठेवून कामावर गेली होती. ती पोर माझ्या खांद्यावर डोकं टेकल्याशिवाय झोपायची नाही. एका हाताने पोळी लाटायला मी तिच्यामुळे शिकले. दर्जाची मला काळजी होती ती एवढ्यासाठीच.

काळजी म्हणजे भीती नव्हे. पुण्यात मी खांद्यावर गठ्ठा घेऊन घरोघर ड्रेस मटेरियल विकलंय. गिऱ्हाइकापुढे माल कसा मांडायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी दर चढा सांगायचा, चांगली बाजू वर ठेवून घडी घालायची, आणि आपल्या मालाची खोट आपण कधी बोलायची नाही. ती काढायला गिऱ्हाईक समर्थ असतं.

तपासणीआधी संस्थेने एक फॉर्म पाठवला. आपलं मूल्यमापन आपणच करायचं. तुमचं काय चांगलं चाललंय, त्याखाली मी भरपूर लिहिलं. तुम्हाला काय जमत नाही, त्याखाली लिहिलं, ‘काही नाही’. सगळीकडे स्वतःला ‘उत्तम’ दिलं. म्हटलं, ही बाई घासाघीस करून एक पायरी खाली आणेल, ‘चांगले’वर सौदा पटेल.

मग घराला लागले. आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा आदल्या दिवशी पताका लागायच्या आणि आम्ही धुतलेल्या गणवेशात हाताची घडी घालून बसायचो. त्याच्यापेक्षा वेगळं काही असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खेळणी कपाटात गेली. रंग वरच्या फळीवर गेले. कार्पेट मशीन भाड्याने आणून धुतलं. मुलांच्या आयांना सांगून चांगले कपडे घालून घेतले. नवरा ईस्ट टामाकीच्या कारखान्यातून आला, दारातच थबकला आणि म्हणाला, “घर विकायला काढलंस का?”

बाई आली. “किया ओरा” असा इथला नमस्कार केला. मुलांनी एका सुरात नमस्कार केला आणि पाठ करून घेतलेलं गाणं म्हटलं. शिरा केला होता. कार्पेटवर सांडायला नको म्हणून मी सगळ्यांना हाताने भरवला, चार वर्षांच्या मुलालासुद्धा. बाईने विचारलं, आता मुलं काय खेळतील? मी काही बोलायच्या आत तो चार वर्षांचा तिला इंग्रजीत सांगून मोकळा झाला, की आज कशालाच हात लावायचा नाही, तू जाईपर्यंत.

ती हसली. मीही हसले. मला वाटलं, पोरं बोलतातच.

पुढच्या आठवड्यात ती निकाल सांगायला आली. माझ्याच टेबलाशी बसून, माझाच चहा पीत म्हणाली, “सुधारणा हवी.”

मला आधी वाटलं ती दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल बोलतेय. मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, नाही, तुमच्याच.

मी म्हटलं, “या घरात तुम्हाला धुळीचा कण सापडला का?”

“नाही. घर फार स्वच्छ होतं. पण मुलं काहीच करत नव्हती.”

“तुमच्यासमोर शहाण्यासारखी बसली होती ना.”

“हो,” ती म्हणाली, “तेच.”

मी ऐकणारी नाही. म्हटलं, ‘उत्तम’ राहू दे, ‘चांगले’ द्या. ती म्हणाली, ही वाटाघाटीची गोष्ट नाही. म्हटलं, उद्या या, न सांगता या, सगळी खेळणी कार्पेटवर असतील आणि मी ओरडत असेन. ती म्हणाली, काही महिन्यांनी फेरतपासणी होईल. मग तिने फॉर्म काढून ‘काही नाही’वर बोट ठेवलं. म्हणाली, ज्यांना आपलं काहीच चुकत नाही असं वाटतं, त्यांची आम्हाला काळजी वाटते. माझा आवाज चढला. आतल्या खोलीत बाळ दचकून उठलं, आणि तिने तेही लिहून घेतलं.

नवरा म्हणाला, भांडू नकोस, इथे कुणी भांडत नाही. मी विचारलं, मग काय करतात? म्हणाला, ई-मेल.

खरा धक्का पुढेच होता. हिल्सबरोला माझी एक मैत्रीण हेच काम करायची, मुंबईची. तिच्या घरी भिंतीवर रंगाचे पंजे, सोफ्यात बिस्किटांचा चुरा, दुपारच्या जेवणाला डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेला ब्रेड. तिला ‘उत्तम’ मिळालं. मी फोन केला तर मजेत सांगू लागली. तिने लिहिलं होतं, की स्वयंपाकाच्या वेळी मी टीव्ही लावून देते, मुलांच्या झोपेची वेळ मला जमत नाही, रंग सांडले की माझा तोल जातो. पानभर खोट काढली होती, स्वतःचीच.

“आणि त्यावर उत्तम?”

“अगं, त्यांना तेच हवं असतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? माझं घर म्हणजे गोठा आहे, एवढंच सांगत असायचीस.”

मी फोन ठेवला. आयुष्यभर बाजारात उभी राहिले, पण विकणाऱ्याने आपल्या हाताने कापडाचं भोक दाखवावं आणि गिऱ्हाइकाने खूश होऊन जास्त भाव द्यावा, असा बाजार मी पाहिला नव्हता.

बाळाला संस्थेने त्याच गोठ्यात पाठवलं. नर्स दारात उभी राहून रडवेली झाली. “ताई, मी काय करू? ड्युटी तर सोडता येत नाही ना.” मी तिला दुधाची बाटली, दुपटं, झोपताना लागणारी ओढणी सगळं बांधून दिलं. ओढणी माझी होती.

फेरतपासणीच्या वेळी पुन्हा तोच फॉर्म आला. म्हटलं, खोट हवी ना, घ्या. रागाच्या भरात लिहिलं, की तुम्ही तारीख कळवून येता, मग जे दाखवलं जाईल तेच बघता. तुम्हाला काय हवं ते आधी सांगत नाही आणि नंतर मार्क कापता. दिवसभर मला बसायला मिळत नाही, म्हणून माझा आवाज चढतो. वाटलं, आता कायमचं काम जातंय.

बाईने ते माझ्यासमोर वाचलं, डोळे वर केले आणि म्हणाली, “हे फार प्रामाणिक आहे.” ‘चांगले’ दिलं. घर तेच, कार्पेट तेच, शिरासुद्धा तोच. मी मग ‘उत्तम’ मागून पाहिलं. ती हसली.

त्याच संध्याकाळी मी नर्सला फोन केला, की आता बाळाला परत आण. ती म्हणाली, “ताई, ती तिथे रुळलीय हो. पुन्हा हलवायचं म्हणजे...” मी आठवड्याचे पाच दिवस मागितले. मग तीन. ती म्हणाली, एखाद्या शनिवारी ड्युटी लागली तर आणीन. मी लगेच हो म्हटलं.

शनिवारी ती आली. बाळ आता धरून उभं राहत होतं. मी हात पुढे केले. पोरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओठ काढले, आणि आईच्या गळ्याला मिठी मारून असं रडायला लागली, की शेजारची बाई कुंपणापाशी आली. नर्स म्हणाली, होईल सवय, आणि तिचे हात सोडवून तिला माझ्याकडे दिलं. गाडी वळणाआड गेली तरी ती पोर पाठ ताणून माझ्यापासून लांब होत राहिली.